तीन नंबरचे बारा बेड

“वाकडं लावलं रोप गं बाई, पाण्याखाली झाकलं
चार दिसांनी बांधावरनं साऱ्या गावाला दिसलं…”

हा आवाज झुंबरमावशीचा. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. वडिवळ्याला आमच्या खाचरात दहा-बारा बाया ओळीनं वाकून भात लावत असायच्या आणि मी बांधावर बसून रोपांच्या मुठी पुढं सरकवायची. झुंबरमावशीचं माहेर आमच्या गावचं. लावणीला ती हटकून यायची, आणि आली की खाचरातल्या एकेकीला ओवीत ओवून काढायची. कुणाचा नवरा झोपाळू, कुणाची सासू कडक, कुणाचं रोप वाकडं. जिच्यावर ओवी पडे ती चिखलाचा हात तिच्याकडं झाडायची आणि बाकीच्या हसता हसता पाण्यात बसायच्याच काय त्या बाकी राहायच्या. मला नुसती गंमत वाटायची.

पंधरा वर्षांनी तोच आवाज मला पुन्हा भेटला, प्लास्टिकच्या छपराखाली. नवलाख उंबरे गावाच्या अलीकडं गुलाबाचं एक फार्म आहे, सहा पॉलिहाऊसचं. कृषी पदविका करून मी तिथं सुपरवायझर म्हणून लागले. पहिल्या सकाळी फुलं निवडायच्या, म्हणजे ग्रेडिंगच्या टेबलापाशी पिकल्या केसांची एक बाई काटे सोलता सोलता थांबली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

“दत्तोबाची समी का गं तू?”

“व्हय मावशी.”

“आगं माजे बाय! मुठी सरकावणारी पोर आता आमच्यावर हुकूम सरकावणार म्हना की!”

टेबलाभोवतीच्या सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांची म्याडम झाले, अर्धी मानाची, अर्धी चेष्टेची.

तीन महिने कच्ची नोकरी, मग कायम, असं मॅनेजर चिंतामणी सरांनी सांगितलं होतं. सर लोणावळ्याहून आठवड्यातून दोन-तीनदा येत. आवाज कधी चढवत नसत, पण एकदा सांगितलेला नियम दुसऱ्यांदा सांगतही नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन फवारणी पंप दाखवले. “हिरव्या टाकीचा औषधाचा, तो कुलपात. लाल टाकीचा तणाचा, तो बाहेर पत्र्याखाली. लाल पंप हाऊसच्या दारातसुद्धा आणायचा नाही. तणनाशकाचा थेंब जरी लागला तरी गुलाब संपला.” मी मान डोलावली. हे मी शिकूनच आले होते.

घरी आबांनी, माझ्या वडिलांनी, तर मी कायम झाल्यासारखंच गावभर सांगून टाकलं होतं. कंपनीत कंत्राटावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या पोरी आमच्याकडं ढिगानं. झाडांचं शिकून झाडांतच कामाला लागलेली मी एकटी. कामशेतच्या बाजारात कुणी भेटलं की आबा भाजीची पिशवी खाली ठेवून बोलायला उभे राहायचे. “आमची समी गुलाबाची डाक्टर हाय.” मी बाही ओढायची, पण मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

फवारणीचं काम बजरंगभाऊंचं. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. फवारणीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला फार्मवर तो एकटाच, त्यामुळं फवारणीच्या रजिस्टरात त्याचंच नाव लागायचं. परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला आली की आधी ते रजिस्टर मागतात.

जानेवारीत फार्मवर कुणालाच सुट्टी नसते. फेब्रुवारीच्या मध्यात सगळ्या जगाला एकाच दिवशी गुलाब लागतात, आणि त्यासाठी आमच्या कळ्यांनी एकाच आठवड्यात मान वर काढायची असते. डिसेंबरात छाटणी झालेली, बेडवर, म्हणजे उंच वाफ्यांवर, नवे लालसर कोंब वीतभर वर आलेले. असल्या दिवसांत, एका सोमवारी संध्याकाळी, बजरंगभाऊ टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“ताई, उद्याच्याला येकवीरेला भाच्याचं जावळ हाय.”

“मग?”

“मामाच्या मांडीवरच काढत्यात न्हवं. माजी भन येकच, आन तिला भाव बी मी येकच.”

“सरांना विचारलंत?”

“इचारलं तर ते न्हाई म्हनत्याल. न्हाई म्हनल्यावर मंग जाता यायचं न्हाई. म्हनून इचारलंच न्हाई.”

मला हसू आलं. मामाशिवाय जावळ निघत नाही, हे मलाही कळत होतं. आणि पाच आठवड्यांच्या त्या नोकरीत पहिल्यांदाच माझ्याकडं कुणी काही मागत होतं.

“जा तुम्ही,” मी म्हटलं. “हजेरीला टिक मी मारते.”

भाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली. जाताना दारातली पाण्याची नळी गुंडाळून ठेवून गेले, जे त्यांचं काम नव्हतं.

मंगळवारी अकराला सरांचा फोन. “समीक्षा, काल तीन नंबरच्या हाऊसला दाराकडच्या बेडवर मला भुरी दिसली. आजच संध्याकाळी बजरंगला फवारायला सांग. नवीन औषध ड्रायव्हरकडं दिलंय. बाराच बेड आहेत, पाठीवरच्या पंपानं होईल.”

“हो सर.”

भुरी म्हणजे पानांवर पिठासारखी पसरणारी बुरशी, ती वाट बघत नाही. औषधाच्या खोलीपाशी गेले तर खिळ्यावर किल्ली नव्हती. दिवसभर काम चालू असताना जिथं असते तिथं, म्हणजे भाऊंच्या पँटीच्या खिशात, ती एकवीरेच्या पायऱ्या चढत होती. फोन लावला, बंद. खिडकीच्या जाळीतून हिरवी टाकी दिसत होती, हातभर अंतरावर. लाल पंप बाहेर पत्र्याखाली पडलेला होता. त्याच्याकडं मी वळूनसुद्धा बघितलं नाही.

सरांना किल्लीचं सांगायचं म्हणजे भाऊंचं सांगायचं, आणि भाऊंचं सांगायचं म्हणजे हजेरीतल्या माझ्या खोट्या टिकचं. मी जेवणाच्या सुट्टीत स्कूटी काढली आणि पाऊण तासात वडिवळ्याला आले.

आबा ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते.

“आगं, आत्ता गं कशी?”

“आबा, आपला पंप द्या. फार्मवरचा बिघडलाय.”

“ने की! आमचा पंप गुलाबाला लागणार म्हंजी त्याचं नशीबच काढलं म्हनायचं.” आबा हातातलं टाकून उठलेसुद्धा.

“कशाला वापरला होता?”

“गव्हातल्या तनाला मारलं पंधरा दिसाखाली. पर धुतलाय म्या, कॅनॉलवर, चांगला तीनदा. वास घेऊन बघ.”

मी टाकीचं झाकण काढून वास घेतला. वास नव्हता. गव्हात मारतात ते तणनाशक नुसत्या पाण्यानं जात नाही. टाकी, नळी, नोझल, सगळं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवावं लागतं. परीक्षेत मी हे लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. ओसरीवर पंप हातात घेऊन उभी असताना मला ते सगळं आठवलं, अगदी वहीच्या पानासकट. पण रात्र माझ्याकडं नव्हती. संध्याकाळ होती, आणि तीही पाऊण तासाच्या रस्त्यापलीकडं.

तीनदा धुतलाय, मी मनाशी म्हटलं. आबांचं वाक्य मी उचललं, पंपासारखंच पाठीला लावलं आणि निघाले.

पाचला बाया गेल्या. मी मास्क लावला, गॉगल लावला आणि तीन नंबरमध्ये शिरले. त्या वेळी पॉलिहाऊसमध्ये उजेड दुधासारखा असतो. पहिल्या बेडपासून सुरुवात केली. कोवळ्या, तांबूस पानांवर धुकं बसत गेलं. एकेक टाकी संपायची, मी पुन्हा भरायची. बाराव्या बेडला पोचले तेव्हा खांदे उतरले होते, पण मन हलकं होतं. रजिस्टर काढून लिहिलं: तारीख, औषधाचं नाव, बेड बारा, पाठीवरचा पंप. फवारणी करणारा, या रकान्यात हात क्षणभर थांबला. मग लिहिलं, बजरंग. दुसरं नाव तिथं चाललंच नसतं.

बुधवारी भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ग्रेडिंगच्या टेबलाभोवती सगळ्यांना पेढा.

“कसं झालं रं जावळ?” झुंबरमावशीनं विचारलं.

“काय सांगू! वस्तरा बघितला आन ल्योकानं माजी मांडीच भिजवली.”

“मंग मामाला आंघूळ घातली म्हन की देवीच्या दारात!”

हसणं चालू असतानाच भाऊंचा हात खिशाकडं गेला आणि चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, किल्ली माज्यापाशीच ऱ्हायली की. मंग फवारा?”

“केली सोय.”

“लय हुशार हायेस बग.” त्यांनी जास्तीचा एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी, झुंबरमावशी तीन नंबरमधून कात्री हलवत बाहेर आली.

“म्याडम, तुमचे गुलाब नव्या नवरीवानी माना खाली घालून हुबं हायेत. कुनाला लाजत्यात इचारा जरा.”

मी आत गेले. पहिल्या बेडचे कोंब पिळलेले होते, ओलं फडकं पिळावं तसे. पानं अरुंद, कडेनं आत वळलेली, देठ खाली झुकलेले. कळीची मान फिरून जमिनीकडं बघत होती. दुसरा बेड तसाच. तिसरा जरासा कमी. मी चालत गेले. बाराव्या बेडवर नुसतं शेंड्याचं एखादं पान वळलेलं. तेराव्यापासून पुढं हिरवंगार, ताठ, जणू पलीकडचा गावच वेगळा.

बाहेर पडताना दोन दारांच्या मधे थांबले. पॉलिहाऊसला दोन दारं असतात, एकामागं एक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कीड आत येत नाही. मधली जागा एका माणसापुरती. दोन्ही दारं लावून मी तिथं उभी राहिले. एकीकडं माझे बारा बेड आणि दुसरीकडं बायांचं बोलणं. दोन्ही कड्या माझ्याच हाताशी होत्या आणि मला एकही काढवत नव्हती.

सरांना फोन करायला हवा होता. मी केला, पण सांगितलं ते एवढंच, “सर, तीन नंबरला काहीतरी झालंय.”

रविवारी सर आले. बेडवरून एकदा गेले, एकदा परत आले. वाकून एक कोंब तोडला, उलटासुलटा केला.

“हे भुरीचं औषध जास्त झाल्याचं नाही. हे तणनाशक आहे.” आवाज नेहमीसारखाच. “आणि बघ, पहिल्या बेडला सगळ्यात जास्त, बाराव्याला नावाला. म्हणजे टाकीत आधीच काहीतरी होतं. फवारता फवारता ते धुऊन निघत गेलं. आपल्या गुलाबांनी कुणाचा तरी पंप धुऊन दिलाय. रजिस्टर आण.”

मी रजिस्टर आणलं. अक्षर माझं, नाव बजरंगचं. सरांनी भाऊंना हाक मारली.

“बजरंग, मंगळवारी हा फवारा तू मारलास?”

भाऊंनी रजिस्टराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. फार वेळ नाही, डोळ्यांत कचरा गेल्यावर पापणी मिटते तेवढाच वेळ.

“व्हय साहेब. मीच मारला.”

“कुठला पंप घेतलास?”

“हिरवाच की.”

“हिरव्यात तणनाशक कुठून येईल? लाल घेतलास. घाईत असशील, अंधार पडला असेल. पण लाल घेतलास.”

भाऊंनी टोपी काढून हातात घेतली. सर वाट बघत होते, आणि मी रजिस्टर मिटून हातात घेतलं.

“फेब्रुवारीच्या पहिल्या खेपेतून हे बारा बेड गेले,” सर म्हणाले. “उद्या मालकांना कळवायचंय. उद्या सकाळी बघू तुझं.”

ते गेल्यावर मी भाऊंना मोटारखोलीच्या मागं गाठलं. ते नळाखाली हात धूत होते, धुतलेलेच हात.

“भाऊ, तुम्ही का हो म्हणालात? तुम्ही नव्हता ना इथं.”

“न्हवतो म्हनू? मंग टिक कुनी मारली म्हनून इचारत्याल. तुजी बी जाईल, माजी बी जाईल. जायची ती येकाची जाऊ दे.”

“पण तुमची का?”

“तू माज्या भाच्याचं जावळ साधून दिलंस.” एवढंच. मग नळ बंद करून, माझ्याकडं न बघता, “लाल पंप घेतलातास का गं?”

“नाही.”

यापुढं बोलायचं होतं. घरचा पंप आणला, एवढे तीन शब्द. ते जिभेवर आले आणि तिथंच बसून राहिले, कारण भाऊंच्या हिशेबात माझी नोकरी वाचली होती आणि ते ऐकल्याबरोबर माझ्या छातीवरचा भार हलका झाला होता. तो हलका झाल्याचं मला कळलं. त्याचीच जास्त लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून मी बोलले, असंही झालं नाही.

“बरं,” भाऊ म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही, हे त्या ‘बरं’मध्ये दिसत होतं. तरी माझ्यासाठी ते उद्या उभे राहणार होते.

संध्याकाळी घरी आले तर आबा पंप अंगणात काढून बसलेले. मी तो बुधवारीच परत आणून ठेवला होता.

“मिरचीवर कीड पडलीया. उद्या मारून घेतो म्हनलं.”

“आबा, नका! त्या पंपानं नका मारू.”

“का गं?”

“नका म्हटलं ना.”

“आगं पर का? तूच तर गुलाबाला नेलातास. गुलाबाला चालतो आन आपल्या मिरचीला चालत न्हाई व्हय?” आबा हसत होते. माझा चेहरा बघून हसायचे थांबले. “काय झालं का तितं?”

“काही नाही.”

“धुतलाय की म्या,” आबा हळूच म्हणाले. “तीनदा धुतला. काय ऱ्हायलं का त्यात?”

मी आत निघून गेले. थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं तर ते पंप उलटा धरून, नोझल डोळ्याजवळ नेऊन बघत होते. असं काही असतं जे डोळ्याला दिसत नाही, हे त्यांना सांगणं माझं काम होतं. त्यासाठीच तर त्यांनी मला शिकायला पाठवलं होतं. त्या रात्री आम्ही दोघंही जेवताना भाताबद्दलच बोललो, मऊ झालाय की फडफडीत.

झोप लागली नाही. मी मनात वाक्यं लावत होते. सर, माझी एक चूक झाली. सर, मला सांगायचंय. प्रत्येक वाक्य दारापर्यंत जायचं आणि तिथं आबा उभे असायचे, बाजारात पिशवी खाली ठेवून कुणाला तरी सांगत असलेले.

सोमवारी फार्मवर पोचले तर ग्रेडिंगचं टेबल गप्प होतं. एरवी रेडिओ लागतो, नाहीतर मावशीची ओवी. आज नुसता कात्र्यांचा आवाज. मी जवळ गेल्यावर बाकीच्या बाया बादल्या उचलून पांगल्या. मावशी एकटी राहिली. काटे सोलता सोलता, माझ्याकडं न बघता, हलक्या आवाजात तिनं म्हटलं:

“भावाच्या पाठीवर पंप न्हवता गं, मांडीवर पोर होतं
न केल्या कामाचं वझं बाई कोन कुनाला देतं…”

ही ओवी माझ्यावरच होती.

“मावशी…”

“पेढं आमी बी खाल्ल्यात, समे.” आता तिनं वर पाहिलं. “बुधवारी साऱ्यांनी खाल्लं. मंगळवारी त्यो कुटं व्हता हे टेबलावरच्या समद्यांस्नी ठावं हाय. येका सायबाला सोडून.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“आमी बोललो तर त्यो गैरहजर ठरतो, आन तू खोटारडी. तुज्या बापाच्या खाचरात भाकरी खाल्लीया म्या. माज्या तोंडून तुजं नाव जायाचं न्हाई.” तिनं पान खाली ओढून काटा मोडला. “पर तुजं तोंड तुज्यापाशीच हाय का न्हाई?”

उत्तर द्यायच्या आत सरांनी हाक मारली.

पत्र्याच्या केबिनमध्ये टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर औषधांचा तक्ता. भाऊ उभे होते, धुतलेला शर्ट घालून, जणू परगावी निघालेत. सरांनी झुंबरमावशीलाही आत बोलावलं, साक्षीदार म्हणून. मग कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

“समीक्षा, तुझं अक्षर चांगलं आहे. बजरंगचा जबाब लिहून घे, तो सही करेल. मी सांगतो.”

मी पेन घेतलं.

“लिही. मंगळवारी संध्याकाळी पॉलिहाऊस नंबर तीनमध्ये मी फवारणी केली.”

मी लिहिलं.

“त्या वेळी माझ्याकडून चुकून लाल टाकीचा, म्हणजे तणनाशकाचा पंप वापरला गेला.”

‘चुकून’ लिहिलं. ‘लाल’ लिहिलं. अक्षर खरंच चांगलं येत होतं, तेच बघवत नव्हतं. भाऊंनी सहीसाठी हात पुढं केला, एक पाऊल टेबलाकडं आले.

“थांब, अजून आहे,” सर म्हणाले. “पुढं लिही. या कारणामुळे मला कुठल्याही पॉलिहाऊसवर फवारणीचं काम देण्यात येऊ नये. याचा फोटो मावळातल्या सगळ्या गुलाबवाल्यांच्या ग्रुपवर टाकावा लागेल. परवा दुसऱ्या कुणाच्या हाऊसमध्ये हेच व्हायला नको.”

भाऊंचा हात हवेतच राहिला. एक नोकरी त्यांनी मनाशी देऊन टाकली होती. सगळ्या तालुक्यातलं काम जाईल, हे त्यांनी धरलं नव्हतं. पंधरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नव्हतं. त्यांनी हात मागं घेतला, शर्टाला पुसला, आणि पुन्हा पुढं केला.

“द्या पेन,” ते मला म्हणाले.

पेन माझ्या हातात होतं. ते द्यायचं आणि हे संपायचं. केबिनच्या पत्र्यावर ऊन चढत होतं. मावशी दाराला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून.

मी पेन दिलं नाही. टेबलावर आडवं ठेवलं.

“सर, हे सगळं खोटं आहे.”

सरांनी चष्मा काढला.

“भाऊ मंगळवारी इथं नव्हतेच. भाच्याच्या जावळाला गेले होते. जा, असं मी म्हटलं आणि टिकही मीच मारली. किल्ली त्यांच्याकडं राहिली, म्हणून मी घरून पंप आणला. आमच्या आबांचा. फवारा मी मारला, आणि रजिस्टरात नाव मी त्यांचं लिहिलं.”

“ताई, गप ऱ्हा,” भाऊ म्हणाले.

“नाही भाऊ.”

सरांनी कागद आपल्याकडं ओढला. “घरच्या पंपानं तणनाशक मारलेलं होतं?”

“हो. गव्हात.”

“धुतला नव्हता?”

“धुतला होता. आबांनी. कॅनॉलवर, तीनदा.”

सरांचा चेहरा जरासा सैल झाला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला. “अच्छा. म्हणजे तो साफ आहे असं समजून तू वापरलास. नवीन आहेस तू. पाण्यानं ते जात नाही, याची तुला कल्पना नव्हती.”

ते विचारत नव्हते. मला बाहेर पडायला त्यांनी वाट करून दिली होती. नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. चूक अर्धी आबांची झाली असती, अर्धी माझ्या नवखेपणाची, आणि कदाचित नोकरीसुद्धा राहिली असती.

“होती, सर,” मी म्हणाले. “आबांना कल्पना नव्हती, त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. मला माहीत होतं. सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय ते जात नाही, हे पंप हातात घेतला तेव्हाच मला आठवलं होतं. माहीत असून मी मारलं.”